मैदानात घेतलं, पंगतीत नाही: ब्रुकलिन डॉजर्सचा एक प्रकरण अभ्यास

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतल्या मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, बेसबॉलमधले सगळे खेळाडू पाठीवर एकच आकडा लावून उतरतात: ४२. हा आकडा जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूचा. १५ एप्रिल १९४७ ला तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून पहिल्यांदा खेळला आणि मेजर लीगमधली साठेक वर्षांची वर्णबंदी मोडली. त्याच्या धैर्याबद्दल ढिगानं लिहिलं गेलंय, आणि ते खरंच आहे. या टिपणात मात्र धैर्यापेक्षा कारभाराकडे बघायचंय. हा बदल कोणी कसा आखला, कुठल्या वळणावर काय ठरवलं आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, हे बघायचंय.

पार्श्वभूमी

काळ्या खेळाडूंना घ्यायचं नाही असा लेखी नियम मेजर लीगमध्ये कधीच नव्हता. होती ती अळीमिळी गुपचिळी. १८८४ मध्ये टोलेडोच्या संघात मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा कॅचर मेजर लीगच्या दर्जाचं बेसबॉल खेळत होता. पण शिकागोचा कर्णधार कॅप अॅन्सन त्याच्याविरुद्ध खेळायलाच तयार नव्हता, आणि अॅन्सन त्या काळचा सर्वात मोठा स्टार. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या खालच्या पायरीच्या लीगनं यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. बाकीच्यांनी ठरावाचीही तसदी घेतली नाही.

मग काळ्यांनी आपला वेगळा संसार थाटला. १९२० मध्ये रूब फॉस्टरनं कॅन्सस सिटीत बैठक घेऊन नीग्रो नॅशनल लीग उभी केली. हे बेसबॉल म्हणजे गल्लीतली हौस नव्हती. क्लब होते, मालक होते, सामन्यात संघ चालवणारे मॅनेजर आणि पंच होते, त्यांच्या बातम्या देणारी काळ्यांची वर्तमानपत्रं होती. रविवारी चर्च सुटलं की लोक ठेवणीतले कपडे घालून थेट मॅच बघायला जात. मैदानं मात्र बऱ्याच ठिकाणी गोऱ्या क्लबांची, भाड्यानं घेतलेली. १९४६ मध्ये मेजर लीगच्या क्लबमालकांच्या समितीनं जो गोपनीय अहवाल केला त्यात या भाड्याचा हिशेबच मांडलाय: एकट्या न्यूयॉर्क यँकीज क्लबला वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास मिळत होते. वर्णबंदीचंही एक अर्थशास्त्र होतं, ते असं.

१९४५ पर्यंत वारं फिरलं. महायुद्धात काळे सैनिक लढून आले होते. वेंडेल स्मिथ, सॅम लेसी हे काळे पत्रकार आणि कम्युनिस्ट पत्रातला लेस्टर रॉडनी यांनी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला होता. नोकरीत वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा न्यूयॉर्क राज्यानं केला. आणि वीस-पंचवीस वर्षं बेसबॉलचा सर्वोच्च कारभारी म्हणून कमिशनरच्या खुर्चीत बसलेला, या विषयावर दगडासारखा गप्प राहिलेला केनेसॉ माउंटन लँडिस नोव्हेंबर १९४४ मध्ये वारला.

अडचण

डॉजर्सचा अध्यक्ष ब्रँच रिकी हा धर्मभीरू मेथडिस्ट ख्रिश्चन. रविवारी मैदानावर पाऊल न ठेवणारा, आणि धंद्यात मात्र अतिशय पक्का. सेंट लुईसला असताना त्यानं छोट्या गावांतले क्लब ताब्यात घेऊन स्वस्तात खेळाडू तयार करायची पद्धत बसवली होती. आता ब्रुकलिनला त्याला गुणवान आणि स्वस्त खेळाडू हवे होते, आणि त्यांचा सर्वात मोठा, कोणी हात न लावलेला साठा वर्णरेषेच्या पलीकडे होता.

रिकी स्वतः याचं मूळ वेगळं सांगायचा. तरुणपणी तो कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक असताना साउथ बेंडच्या हॉटेलनं चार्ल्स थॉमस या काळ्या खेळाडूला खोली नाकारली. रात्री तो मुलगा हात घासत रडत बसला होता, ही कातडी निघाली असती तर, म्हणत. हे सगळं नैतिक की व्यापारी, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही एकत्र असण्यात काही वावगंही वाटत नाही. गोची पुढे झाली. नीती आणि नफा एका दिशेनं चालले होते तोवर सगळं सुरळीत होतं. जिथे त्यांच्या वाटा फुटल्या तिथे रिकीनं दर वेळी कुठली वाट धरली, ते बघण्यासारखं आहे.

समोरचे पर्याय

वाट बघणं हा पहिला पर्याय, आणि इतर पंधरा क्लबांनी तोच धरला होता. बोस्टन रेड सॉक्सनं एप्रिल १९४५ मध्ये नगरपालिकेतल्या दबावामुळे रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स यांची चाचणी घेतली. चाचणी झाली आणि पुढे काही झालं नाही. याच रेड सॉक्सनं पहिला काळा खेळाडू १९५९ मध्ये उतरवला, सगळ्या क्लबांच्या शेवटी.

दुसरा पर्याय नीग्रो लीगच्या मालकांशी बसून रीतसर व्यवहार करण्याचा. क्लब मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या पायरीवर, सामील करून घ्यायचे, खेळाडूंचे पैसे मोजायचे. रिकीनं हा विचारातच घेतला नाही. या लीगचे करार ढिले आहेत, त्यातले काही मालक मटक्यासारखा आकड्यांचा जुगार चालवतात, तेव्हा ही लीगच नव्हे, असं त्याचं म्हणणं. मालकांबद्दलची माहिती काही अंशी खरी होती. पण त्याच लीगमध्ये घडलेला खेळाडू मात्र त्याला चालत होता.

तिसरा पर्याय तीन-चार खेळाडू एकदम घेण्याचा. रिकीच्या मनात हाच होता, असं त्याच्या ऑक्टोबर १९४५ मधल्या एका पत्रावरून पुढे संशोधकांनी दाखवलं. पण न्यूयॉर्कच्या राजकारणात महापौर ला गार्डियाची समिती या विषयात उतरली. श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडेल किंवा सगळं दबावाखाली केल्यासारखं दिसेल, म्हणून घाई झाली आणि एकच नाव पुढे आलं. या प्रकरणातलं सर्वात कमी चर्चिलेलं वळण हेच असावं. एकच जण पुढे गेला की सगळी चाचणी त्या एकाची होते. तो हरला तर सगळे हरले.

काय केलं

२८ ऑगस्ट १९४५, ब्रुकलिन, २१५ मॉन्टेग्यू स्ट्रीट. ब्राउन डॉजर्स नावाचा एक काळ्यांचा संघ काढायचाय, अशी हूल रिकीनं उठवली होती. तिच्या आड क्लाइड सुकफर्थ हा त्याचा माणूस खेळाडू हेरत फिरत होता. त्यानं रॉबिन्सनला आणून समोर बसवलं. बैठक तीनेक तास चालली. रिकीनं कोट काढला आणि नाटकच सुरू केलं. कधी खोली नाकारणारा हॉटेलचा कारकून, कधी उर्मट वेटर, कधी स्पाइक्स रोखून अंगावर घसरत येणारा रनर. तोंडाजवळ तोंड नेऊन शिव्या दिल्या. रॉबिन्सननं विचारलं, तुम्हाला परत लढायला घाबरणारा माणूस हवाय का? रिकीचं उत्तर प्रसिद्ध आहे: परत न लढण्याची हिंमत असलेला हवाय.

निवड डोळसपणे केली होती. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन ही त्याहून मोठी नावं, पण पेज चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि गिब्सनची तब्येत ढासळलेली. रॉबिन्सन २६ वर्षांचा. कॅलिफोर्नियात यूसीएलए विद्यापीठाकडून चार खेळ खेळलेला, गोऱ्या मुलांबरोबर वावरलेला. आणि घाबरट तर मुळीच नव्हता. १९४४ मध्ये टेक्सासच्या लष्करी छावणीत बसमध्ये मागे जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं होतं, आणि तो निर्दोष सुटला होता. अशा तापट माणसाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला सांगितलं गेलं. महिना ६०० डॉलर पगार आणि ३,५०० डॉलर बोनस ठरला. ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून तो खेळत होता त्यांना एक छदामही नाही.

पुढची पायरी मॉन्ट्रियल. कॅनडातल्या या मायनर लीग संघात एक वर्ष काढायचं, म्हणजे अमेरिकन दक्षिणेपासून लांब राहता येईल. हा निर्णय उत्तम ठरला. १८ एप्रिल १९४६ ला जर्सी सिटीतल्या पहिल्याच सामन्यात त्यानं चार हिट मारले, त्यात एक होम रन, दोन बेस चोरले (म्हणजे फटका बसायची वाट न बघता पुढच्या थांब्यावर धावून पोचला), आणि मॉन्ट्रियल १४-१ नं जिंकलं. वर्षअखेर त्याची बॅटिंगची सरासरी .३४९ होती (म्हणजे शंभर प्रयत्नांत ३५ च्या आसपास हिट) आणि संघ विजेता ठरला. शेवटच्या सामन्यानंतर गोरे प्रेक्षक त्याला खांद्यावर घ्यायला रस्त्यातून त्याच्यामागे धावले.

१९४७ चं सराव शिबिर फ्लोरिडाऐवजी हवानात ठेवलं. आधीच्या वर्षी सॅनफर्ड गावातून रॉबिन्सनला पळ काढावा लागला होता आणि जॅक्सनव्हिलनं मैदानाला कुलूपच लावलं होतं, तेव्हा हेही शहाणपणाचं. पण हवानात पोचल्यावर रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला, डॉन न्यूकम आणि रॉय पार्टलो या चौघा काळ्या खेळाडूंना बाकीच्यांपासून दूर एका कळकट हॉटेलात उतरवलं. क्यूबाचा तसा नियम असेल असं रॉबिन्सनला वाटलं. नियम क्यूबाचा नव्हता, रिकीचा होता. ऐन वेळी काही कटकट नको, म्हणून. रॉबिन्सन चिडला आणि गप्प बसला. आपल्याकडे पालवणकर बाळू या दलित गोलंदाजाला पुण्यात हिंदूंच्या संघात घेतलं तेव्हा बॉल त्याच्या हातात द्यायला कोणाची हरकत नव्हती, पण चहा मात्र बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या कपात. मैदानात घेणं आणि पंगतीत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

शिबिरातच डॉजर्सच्या काही खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज फिरवायला घेतला. मॅनेजर लिओ ड्युरोशरनं शिबिराच्या दौऱ्यात पनामात मध्यरात्री खेळाडूंना स्वयंपाकघरात गोळा केलं आणि अर्जाचं काय करायचं ते अर्वाच्य भाषेत सांगितलं. हा माणूस पोरंबाळं घेऊन देवळात जाणाऱ्यांतला नव्हे, पण त्या रात्री त्यानं आडपडदा ठेवला नाही. थोडक्यात काय, तर हा खेळाडू तुम्हाला पैसा मिळवून देईल आणि ज्यांना नको त्यांनी चालतं व्हावं. अर्ज तिथेच विझला. गंमत अशी की दुसऱ्याच कारणावरून ड्युरोशरला ९ एप्रिलला वर्षभरासाठी निलंबित केलं गेलं आणि रॉबिन्सन उतरला तेव्हा तो डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांवर, नव्हता.

पहिल्या बेसची जागा

इथे थोडं थांबायला हवं, कारण क्रिकेटच्या चष्म्यातून ही गोष्ट दिसत नाही. रॉबिन्सन मुळात मधल्या जागांवरचा फील्डर. डॉजर्सकडे तिथे एडी स्टँकी आणि पी वी रीस होते, म्हणून त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. ही जागा त्याला नवी होती. तिथल्या फील्डरला एक पाय बेसच्या गादीला टेकवून, दुसरा लांब ताणून आलेला थ्रो घ्यावा लागतो. नजर बॉलवर, आणि त्याच क्षणी बॅटर पूर्ण वेगानं त्याच गादीवर पाय मारत येतो. बुटाखाली लोखंडी स्पाइक्स. पाय अर्धा इंच इकडे पडला तर गादी, तिकडे पडला तर फील्डरची टाच. चूक की मुद्दाम, हे सिद्ध करता येत नाही. ऑगस्टमध्ये सेंट लुईसच्या इनोस स्लॉटरनं त्याच्या पायावर असाच पाय दिला. ज्याला उलटून बोलायचीही परवानगी नाही अशा माणसाला मैदानातली नेमकी ही जागा मिळाली होती.

२२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन डगआउटमधून सलग शिव्या देत होता, आणि त्याचे खेळाडू साथ देत होते. हातची बॅट टाकून एकाला तरी ठोकावं, असं त्या दिवशी आपल्या मनात येऊन गेलं, असं रॉबिन्सननं नंतर सांगितलं. शेवटी स्टँकीनं, जो सुरुवातीला त्याच्या बाजूचा नव्हता, फिलाडेल्फियाच्या डगआउटकडे वळून आवाज चढवला: जो उलटून बोलू शकतो त्याच्यावर ओरडा. डॉजर्सचा संघ कोणी एक केला असेल तर तो चॅपमननं, असं रिकी पुढे म्हणायचा. खरं असेलही, पण आयजीच्या जिवावर बायजी उदार. लीगनं चॅपमनला घरी बसवलं नाही, समज देऊन सोडलं. उलट मे महिन्यात फिलाडेल्फियात रॉबिन्सनलाच त्याच्यासोबत फोटो काढायला उभं राहावं लागलं. दोघांनी एक बॅट धरली, म्हणजे हात हातात द्यायला नको.

शेजारचं उदाहरण: क्लीव्हलँड

रॉबिन्सननंतर अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला, लॅरी डोबी हा काळा खेळाडू क्लीव्हलँडकडून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दुसऱ्या गटात, उतरला. मालक बिल वेकनं ना मायनर लीगचं वर्ष दिलं, ना पूर्वतयारी. आदल्या दिवशी न्यूअर्क ईगल्सकडून खेळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मेजर लीगमध्ये. काही सहकाऱ्यांनी हात मिळवला नाही. त्या मोसमात ३२ वेळा बॅटिंगला येऊन त्याला पाचच हिट मिळाले. तयारीच्या बाबतीत रिकी बरोबर होता, हे इथे दिसतं.

पण वेकनं एक गोष्ट केली जी रिकीनं केली नाही. त्यानं न्यूअर्कच्या मालकीणबाई एफा मॅनली यांना फोन करून पैसे विचारले. १० हजार डॉलर आणि मुलगा टिकला तर आणखी ५ हजार. मॅनलींनी सुनावलं की हाच पोरगा गोरा असता तर तुम्ही लाख मोजले असते. तरी पैसे मिळाले. याच मॅनलींचा डॉन न्यूकम रिकीनं फुकट नेला होता. पुढे माँटी अर्व्हिनच्या वेळी त्या अडून बसल्या, तेव्हा रिकीनं पैसे देण्याऐवजी त्याला सोडून दिलं आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं ५ हजारांना घेतला. काळे मालक जाहीर तक्रारही करू शकत नव्हते. केली असती तर आपल्याच पोरांच्या वाटेत आडवे येता म्हणून आपल्याच लोकांनी जोडे मारले असते.

निष्पत्ती

मैदानावरचा निकाल स्वच्छ आहे. १९४७ मध्ये रॉबिन्सनची सरासरी .२९७, लीगमधल्या सर्वाधिक २९ बेसचोऱ्या आणि नवोदिताचा पुरस्कार. डॉजर्सनं लीग जिंकली आणि घरच्या मैदानावर १८ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. पुढे मौनाची अट उठली, तो पंचांशी भांडू लागला, आणि १९४९ मध्ये .३४२ सरासरीनं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गप्प असताना ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या बऱ्याच वर्तमानपत्रांना बोलणारा रॉबिन्सन मात्र आगाऊ वाटू लागला.

दुसऱ्या बाजूला न्यूअर्क ईगल्स. १९४६ मध्ये नीग्रो लीगचे विजेते. १९४७ मध्ये त्यांचे प्रेक्षक निम्म्यावर आले, कारण लोक रॉबिन्सनला बघायला ब्रुकलिनच्या गाड्या पकडत होते. १९४८ च्या मोसमानंतर क्लब विकला गेला. त्याच वर्षी, फॉस्टरच्या लीगनंतर १९३३ मध्ये त्याच नावानं उभी राहिलेली नीग्रो नॅशनल लीग बंद झाली. खेळाडूंपैकी तरुणांना मेजर लीगनं घेतलं. मॅनेजर, प्रशिक्षक, सचिव, पंच, मालक यांना कोणी विचारलं नाही. मोनार्क्सचा यशस्वी मॅनेजर बक ओ'नील शिकागो कब्जमध्ये आला तो खेळाडू हेरणारा म्हणून. १९६२ मध्ये त्याला मेजर लीगमधला पहिला काळा कोच केलं, पण सामना चालू असताना बेसच्या रेषेवर उभं राहून रनरना इशारे द्यायची संधी एकदाही दिली नाही.

ऑक्टोबर १९७२ मध्ये, मरणाच्या नऊ दिवस आधी, मधुमेहानं दृष्टी गेलेल्या रॉबिन्सनचा वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत सत्कार झाला. आभाराच्या भाषणातच त्यानं सांगून टाकलं की तिसऱ्या बेसच्या रेषेवर एखादा काळा मॅनेजर दिसेल त्या दिवशी मला जास्त आनंद होईल. १९८७ मध्ये, पदार्पणाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त, डॉजर्सचा वरिष्ठ अधिकारी अल कॅम्पानिस टीव्हीवर म्हणाला की मॅनेजर व्हायला लागणाऱ्या काही गोष्टी कदाचित काळ्यांकडे नसाव्यात. त्याची नोकरी दोन दिवसांत गेली. हा कॅम्पानिस १९४६ मध्ये मॉन्ट्रियलला रॉबिन्सनच्या शेजारी उभं राहून खेळला होता.

२०२० मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि २०२४ मध्ये आकडेही एकत्र केले. कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत तोवर पहिला असलेल्या टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन .३७२ सरासरीनं पहिला आला. तो मात्र जानेवारी १९४७ मध्येच, ३५ व्या वर्षी, गेला होता. मैदानावरचं चित्रही उलटं फिरलंय. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता. १९५० नंतर पहिल्यांदाच. याचा सगळा दोष १९४७ च्या माथी मारता येत नाही. फुटबॉल-बास्केटबॉलची ओढ आहे, मुलांना क्लबांतून खेळवायचा खर्च आहे. पण शहरातल्या काळ्या वस्तीत बेसबॉलची जी आपली अशी व्यवस्था होती ती दहा-पंधरा वर्षांत मोडली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, हे खरं.

काय वेगळं करता आलं असतं

मौनाची अट मला टाळता येण्यासारखी वाटत नाही. त्या काळी रॉबिन्सननं एक ठोसा मारला असता तर दंगलीच्या बातम्या झाल्या असत्या. पण अट फक्त एका बाजूला होती. रॉबिन्सननं गप्प बसायचं असेल तर चॅपमनसारख्याला दहा सामने घरी बसवायची जबाबदारी लीगनं घ्यायला हवी होती. तसा अधिकार कमिशनरकडे होता, ड्युरोशरवर तो त्याच महिन्यात वापरूनही झाला होता.

भरपाईचा मुद्दा त्याहून साधा. वेकनं दिले तेवढे जरी रिकीनं दिले असते तरी पायंडा पडला असता आणि क्लबांना सावरायला दोन-चार वर्षं मिळाली असती. काळ्यांचे काही क्लब मायनर लीगमध्ये मालकांसकट सामील करून घेणंही अशक्य नव्हतं.

आणि मॅनेजर? त्याचा प्रयोग रिकीच्याच घरात, नकळत, होऊन गेला होता. १९४६ मध्ये कॅम्पानेला आणि न्यूकम न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआत, डॉजर्सच्याच छोट्या संघात खेळत होते. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टननं कॅम्पानेलाला सांगून ठेवलं होतं, पंचानं मला बाहेर काढलं तर संघ तू सांभाळ. एका सामन्यात पंचानं खरंच काढलं. कॅम्पानेलानं सूत्रं घेतली, मोक्याच्या वेळी न्यूकम या पिचरला बॅटिंगला पाठवलं, त्यानं होम रन मारला आणि नॅशुआ जिंकलं. गोऱ्या खेळाडूंपैकी कोणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी ऑल्स्टन परत आला. मेजर लीगमध्ये पहिला काळा मॅनेजर, क्लीव्हलँडचा फ्रँक रॉबिन्सन, यायला १९७५ उजाडलं.